तीन मजली मातीचा कंपोस्ट माठ: नागपुरात दहा महिने वापरून

एकावर एक ठेवलेल्या तीन मडक्यांत घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायचा हा माठ. त्यासोबत आलेल्या पत्रकात सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: ओलावा जास्त झाला तर काय करायचं. बहुधा मुंबईकडे बघून लिहिलंय. आमच्याकडे मार्च संपला की अडचण नेमकी उलटी. पारा 45 च्या आसपास गेल्यावर भाजलेली माती सगळं पाणी ओढून घेते, वरच्या मडक्यातले भाजीचे देठ कडक होतात आणि कुजणं थांबतं. वास नाही, चिलटं नाहीत, त्यामुळे वाटतं काम मस्त चाललंय. आत मात्र नुसतं वाळवण पडलेलं असतं. जिवाणूंना साधारण 50 ते 60 टक्के ओलावा लागतो. मूठभर माल दाबून बघायचा: हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. उन्हाळाभर डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी शिंपडलं, माठ गच्चीवरून उतरवून निंबाच्या सावलीत ठेवला, बाहेरून ओलं पोतं गुंडाळलं. तेव्हा कुठे माल पुन्हा कुजायला लागला.

हिवाळ्यात संत्री. आंबिया बहाराची फळं निघायला लागली की घरात पोत्यानं येतात, सालंही तेवढीच. सालीच्या तेलात लिमोनीन असतं, ते जिवाणूंना मानवत नाही. अख्खी सालं टाकली तर महिन्यानंतरही केशरीच्या केशरी निघतात. बारीक तुकडे करून, एक-दोन उन्हं दाखवून, थोडी थोडी टाकली तर जिरतात.

सोबत आलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) संपलं की नवीन विकत घेऊ नका. आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा किंवा वाळका पाला पुरतो. प्लायवूडचा भुसा नको, त्यात गोंद असतो. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर मूठ-दोन मुठी सुकं टाकायचं, एवढाच नियम.

पावसाळ्यात एका सकाळी आईनं झाकण उचललं आणि तिथूनच ओरडली, "अरे, फेकून दे ते आधी!" आत बोटाच्या पेराएवढ्या, मळकट तपकिरी, चपट्या आळ्यांचा नुसता बुजबुजाट. कलिंगडाची साल एका बाजूनं पार कागदासारखी पातळ झालेली. या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या आळ्या. माशी ना चावते, ना घरमाशीसारखी अन्नावर घोंगावते, आणि आळ्या कचरा भराभर संपवतात. मी त्या राहू दिल्या. आई अजूनही त्या बाजूला फिरकत नाही.

एवढ्याशा माठात उष्णता धरून राहत नाही. मोठ्या ढिगात 55 अंशांच्या वर जातं आणि बिया मरतात. इथे तसं होत नाही, म्हणून खत टाकलेल्या प्रत्येक कुंडीत टमाटर उगवतंय. हाडं, सावजीचा उरलेला रस्सा वगैरे अजिबात टाकू नका. उंदीर आणि मुंग्या दोन्ही येतात.

तक्रार एकच, पण मोठी. खालच्या मडक्याला मे महिन्यात तडा गेला. विकणाऱ्यांनी फोटो मागवले आणि नंतर गप्प बसले. शेवटी ओळखीच्या कुंभाराकडून तेवढंच मडकं करून घेतलं, स्वस्तात पडलं.

खत मिळतं ते ठीक, मला जास्त फायदा सुक्या कचऱ्याचा वाटतो. ओलं बाजूला गेलं की पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या कोरड्या राहतात आणि कबाडीवाला कुरकुर न करता नेतो. ओला-सुका-घातक वेगळं ठेवायचं हे 2016 च्या घनकचरा नियमांतच सांगितलं होतं. पण आमच्या गल्लीत वेगळं दिलेलं गाडीत बरेचदा एकत्र होतं, त्याचं काय करणार! शहराचा कचरा जिथे टाकतात त्या भांडेवाडीला दर उन्हाळ्यात आग लागल्याच्या बातम्या वाचतो. हवा न मिळता दाबून पडलेल्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि तो पेटतो. निदान आमच्या घरचे देठ-सालं आता तिकडे जात नाहीत.

घ्यायचा असेल तर हिवाळ्याच्या तोंडावर घ्या, उन्हाळ्यापर्यंत हात बसतो. फ्लॅटला पश्चिमेची एकच बाल्कनी असेल आणि दुपारभर ऊन येत असेल तर मात्र पैसे घालू नका.