गोधडीवर ॲप्लिक कधी लावायचं : आधी, सोबत की शेवटी?

भाचीच्या बाळासाठी गोधडी शिवायला घेतलीय, 36 बाय 45 इंच, वर ॲप्लिकचे, म्हणजे कापडातून कापून शिवायचे, सहा हत्ती लावायचेत आणि पुन्हा तोच प्रश्न आला, की हत्ती आधीच वरच्या कापडावर लावून टाकायचे, वरचं कापड, मधला थर आणि अस्तर एकत्र करून मग लावायचे, का पूर्ण गोधडी झाल्यावर. तिन्ही करून झालंय माझं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी लावण्यातसुद्धा दोन वेळा असतात, एकेका चौकोनावर हत्ती लावून मग चौकोन जोडायचे किंवा चौकोन जोडून सगळं वरचं कापड तयार झालं की लावायचे. मला पहिलंच आवडतं. सोंड, कान, पाय अशा प्रत्येक वळणाला मशीनखाली कापड फिरवावं लागतं, तेव्हा हातात 12 इंचाचा चौकोन असणं आणि आख्खं कापड मांडीवर घेऊन बसणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फक्त चौकोन चारी बाजूंनी अर्धा इंच मोठा कापा, कारण ॲप्लिक शिवताना खालचं कापड थोडं आकसतं, हत्ती लावून इस्त्री करून मगच मापात आणायचा. वेल एका चौकोनातून दुसऱ्यात जाणारी असेल तर मात्र जोडल्याशिवाय इलाज नाही. अमेरिकेत बाल्टिमोरला 1840 ते 50 च्या दशकांत जे अल्बम क्विल्ट (प्रत्येक चौकोनावर वेगळं चित्र असलेल्या गोधड्या) झाले तेही असेच, एकेक चौकोन वेगळा ॲप्लिक करून मग जोडलेला, त्यामुळे एकाच क्विल्टचे चौकोन चार जणी आपापल्या घरी बसून करू शकायच्या.

आणि आधी लावण्याचा खरा फायदा नंतर दिसतो. थर लावून हत्तीच्या अगदी कडेकडेने धावदोरा घातला की हत्ती छान फुगून वर येतो, हवाईच्या क्विल्टमध्ये नक्षीभोवती लाटांसारख्या ओळी घालतात तसं पण करता येतं, आणि उलट्या बाजूला फक्त धावदोरा दिसतो, ॲप्लिकचे टाके नाहीत. जाड वाटलं तर हत्तीच्या मागचं कापड पाव इंच सोडून कापून टाकायचं, सुई लोण्यासारखी जाते. थर लावल्यावर हे करायला मागे हातच पोचत नाही.

आता सोबत, म्हणजे वरचं कापड, मधला थर, अस्तर तिन्ही टाचून त्यावर हत्ती ठेवायचा आणि झिगझॅग किंवा काजाचा टाका मारायचा, ॲप्लिकही झालं आणि थरही धरले गेले. वेळ खूप वाचतो हे खरंय. मधला थर आधार देतो म्हणून झिगझॅगखाली वेगळा कागद लावायची पण गरज पडत नाही. पण मागे प्रत्येक टाका दिसतो, म्हणून बॉबिनला अस्तराच्या रंगाचा दोरा भरायचा, आणि थर नीट टाचले नसतील तर मागे चुण्या पडतात ज्या उसवल्याशिवाय जात नाहीत. चिकटवायचा फ्युझिंग पेपर वापरणार असाल आणि मधे पॉलिस्टरचा थर असेल तर थर लावायच्या आधीच तुकडा चिकटवून घ्या, गरम इस्त्रीने पॉलिस्टर चपटं होऊन बसतं आणि मग गोधडीत जीवच राहत नाही.

तरी ही पद्धत दुय्यम समजू नका. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच होते (त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज गोव्यातून तिकडे गेलेले). जुन्या कपड्यांचे तुकडे कडा दुमडून खालच्या कापडावर ठेवत जायचं, कोपऱ्यातून सुरू करून कडेकडेने फिरत मध्यापर्यंत धावदोरा घालत यायचं, तोच टाका तुकडा पण धरतो आणि थर पण. शेवटी चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं. आपल्याकडे पण जुन्या गोधडीवरची ठिगळं बहुतेक अशीच धावदोऱ्यातच बसलेली असतात. हाताने शिवणार असाल, तुकडे साध्या चौकोनी आकाराचे असतील तर माझं मत सोबतच करा. सोंडवाला हत्ती असेल तर नको.

शेवटी लावायचं म्हणजे गोट बिट लावून तयार गोधडीवर. ह्यात क्विल्टिंग, म्हणजे थर एकत्र धरणारी शिवण, अगदी सोपी होते, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओळी मारत जा, मधे हत्ती आडवा येत नाही, त्याच्या तोंडावरून टीप जात नाही. पण हत्ती चपटा दिसतो, कापड पातळ असेल तर खालच्या ओळींचे उंचवटे वर उमटतात, आणि हातानेच शिवावं लागतं, सुई फक्त वरच्या कापडातून आणि जरा मधल्या थरातून काढायची, मागे जाऊ द्यायची नाही. डाग किंवा भोक झाकायचं असेल तर ह्याच्यासारखं दुसरं काही नाही. तुकडा विटला तर उसवून नवा लावता येतो, बाकी गोधडीला धक्का नाही.

कधीही लावा, कापड आधी धुऊन घ्या. मागच्या खेपेला जुन्या नऊवारीच्या मऊ थरांवर मी नवा कोरा लाल सुती तारा लावला, साडी धुऊन धुऊन आकसायची ती आकसून झालेली आणि तारा पहिल्याच धुण्यात आकसला, भोवती चुण्या आल्या आणि लाल रंग साडीवर उतरला. खूप वाईट वाटलं, ती आजीची साडी होती.

तर रोज वापरायची, रोज धुवायची बाळाची गोधडी असेल तर मी आधीच लावणार, कडा आत दुमडून, कारण नुसत्या कापलेल्या कडेला धुण्यात दशा निघतात आणि त्या बाळाच्या बोटांत अडकतात. भिंतीवर लावायचं छोटं काही असेल तर सोबत, कापलेली कड पण चालेल, कोण रोज धुतंय ते. ह्या गोधडीचे पाच हत्ती चौकोनांवर लावून झालेत, सहावा उद्या. एक तुकडा मात्र बाजूला ठेवलाय जो शेवटीच लागेल, गोट लावल्यानंतर, कारण त्यावर बाळाचं नाव भरायचंय आणि नाव बारशाशिवाय कळणार नाही.