व्हर्जिनियातील वाहतूक खटल्यांची ऑनलाइन शोधसेवा

वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल व्हर्जिनियातील एका ग्रामीण काउंटीत हाती पडलेल्या समन्सचा माग ठेवण्यासाठी मी राज्य न्यायालयांची विनामूल्य ऑनलाइन शोधसेवा वापरली आणि ती भरवशाची वाटली. नाव, खटला क्रमांक किंवा सुनावणीची तारीख टाकून जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टातील (वाहतुकीचे खटले चालवणाऱ्या कनिष्ठ न्यायालयातील) नोंद शोधता येते. आपले मराठी नाव समन्सवर कसे लिहिले गेले आहे, हे मात्र आधी पाहावे. साधा दंड घरबसल्या भरता येतो, परंतु तो भरणे म्हणजे दोष मान्य करणे होय, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ताशी ८५ मैलांहून अधिक वेगाबद्दल बेदरकारीचा फौजदारी आरोप लागल्यास ती सोय उरत नाही, सुनावणी होतेच. मूळ कागदपत्रांच्या प्रतींसाठी शेवटी क्लार्कचे कार्यालयच गाठावे लागते.