थिबाच्या मंडालेला निघालो आणि कोलकात्याहून परत आलो

रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला ब्रह्मदेशातलं, म्हणजे आजच्या म्यानमारमधलं, मंडाले परकं वाटत नाही. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशच्या थिबा राजाला तिथून काढलं आणि आमच्या गावात आणून ठेवलं. १९१० साली बांधून झालेल्या राजवाड्यात तो राहिला, १९१६ साली इथेच गेला. उलट आमच्या गावात जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात. संध्याकाळी थिबा पॉइंटवर बसून 'एकदा तिकडे जाऊन यायला हवं' म्हणणारी माणसं आमच्या पिढीत ढिगाने. आम्हाला लुबाडणाऱ्याने हे बरोबर हेरलं होतं.

२०१९ च्या मे महिन्याची गोष्ट. आंब्याचा हंगाम आटपत आला होता, घराघरांत पेट्यांचे पैसे आलेले. आमच्या भजनी मंडळातल्या एका वहिनींच्या ओळखीतून हा मुलगा आला. तिशीतला, गोरागोमटा, बोलायला लाघवी. "काकू, युरोप काय, कोणीही नेतं. मी तुम्हाला थिबाच्या गावाला नेतो." मग त्याने चहा थंड होईपर्यंत मंडाले उभं केलं. कुथोडॉ पॅगोडाच्या आवारात संगमरवराच्या ७२९ शिळांवर कोरलेलं बौद्धांचं त्रिपिटक. बगानची दोन हजारांहून जास्त देवळं, पहाटेच्या धुक्यात. इन्ले तलावावर एका पायाने वल्हं मारणारे कोळी. आणि श्वेनान्डॉ हा सागवानी मठ: मुळात राजवाड्याचाच भाग, वडील मिंडॉन त्यात वारले म्हणून थिबाने तो उचलून राजवाड्याबाहेर नेला, आणि म्हणूनच १९४५ च्या आगीत बाकीचा राजवाडा जळाला तरी तो वाचला.

यातलं काहीही खोटं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. खोटं एकच होतं आणि तेच आम्हाला सगळ्यात गोड लागलं. कार्यक्रमपत्रिकेत चौथ्या दिवशी छापलं होतं, 'टिळकांची कोठडी, आतून दर्शन'. आमचे हे तर तेवढं वाचूनच तयार झाले. मंडालेच्या किल्ल्यात बराचसा भाग लष्कराच्या ताब्यात आहे. परदेशी माणसाला तेव्हा पूर्वेच्या दरवाजाने आत घ्यायचे आणि सरळ मधल्या राजवाड्यापर्यंतच जाऊ द्यायचे. हे आम्हाला कळलं ते सगळं झाल्यावर. आधी नेटवर अर्धा तास घालवला असता तर तेव्हाच कळलं असतं.

माणशी ५८,५०० रुपये, आम्ही चौदा जण. म्हणजे आठ लाख एकोणीस हजार. निम्मे पैसे त्याच्या बचत खात्यावर, निम्मे रोख. पावती सुंदर. लेटरहेडवर सोनेरी पॅगोडा आणि खाली जीएसटी क्रमांकसुद्धा. तो क्रमांक २९ ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा २७ ने होतो, २९ कर्नाटकचा. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करताही कोणताही क्रमांक टाकून नाव बघता येतं. आमच्या मुलाने नंतर टाकला, तर कुठल्याशा फरशीच्या दुकानाचं नाव आलं.

ऑक्टोबरात तिकिटांचे कागद आले. सहा अक्षरांचा पीएनआर, प्रत्येकाचं नाव, 'कन्फर्म्ड'. माझ्या भाच्याने एअरलाइनच्या साइटवर टाकून बघितलं, बुकिंग दिसलं, आम्ही निर्धास्त. इथेच खरी मेख आहे, म्हणून नीट सांगते. पैसे न भरताही एजंटला काही काळ जागा धरून ठेवता येते. तेवढ्या काळात पीएनआर तयार होतो, नावं दिसतात, 'कन्फर्म्ड'ही दिसतं. तिकीट मात्र काढलेलं नसतं. तिकीट काढलं की तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक येतो. पहिले तीन आकडे एअरलाइनचे, पुढचे तुमचे. आमच्या कागदावर तो क्रमांक नव्हता. चौदा जणांपैकी एकानेही विचारला नाही, आणि त्यात दोन निवृत्त बँकवाले होते!

व्हिसाची पत्रंही आली. तेव्हा पर्यटकाचा ई-व्हिसा ५० डॉलरला मिळायचा, २८ दिवसांचा, ज्याचा त्याला स्वतंत्र. आमच्या पत्रांवर नावं वेगळी, पासपोर्ट क्रमांक वेगळे, पण वरच्या कोपऱ्यातला अर्जाचा क्रमांक चौदाही कागदांवर एकच. पत्रं आम्ही बाजूबाजूला ठेवून कधी पाहिलीच नव्हती. प्रत्येकाने आपापलं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवलेलं.

नोव्हेंबरात निघालो. मुंबई ते कोलकाता विमान खरं होतं, त्यामुळे उरलीसुरली शंकाही गेली. "मी आधीच पुढे जातो, तुम्हाला कोलकात्याला भेटतो," असं तो म्हणाला होता. पहाटे कोलकात्याच्या विमानतळावर त्याचा फोन बंद. काउंटरवरच्या मुलीने आमचा कागद घेतला, बरंच टाइप केलं आणि पडदा आमच्याकडे वळवला. बुकिंग झालं होतं, पैसे मुदतीत भरले नाहीत, आपोआप रद्द. तारीख बघितली तर निघण्याच्या तीन आठवडे आधीची. वहिनी सामानावर बसल्या. हातातल्या पिशवीत यंगूनला बहादुरशहा जफरच्या कबरीवर वाहायला घेतलेलं अत्तर होतं. आपला बादशहा तिकडे, त्यांचा राजा इकडे, असं त्याच सगळ्यांना सांगत आल्या होत्या.

परतीची तिकिटं तर मुळात काढलेलीच नव्हती. आयत्या वेळची तिकिटं माणशी अकरा हजारांना पडली.

पुढची चूक मात्र सर्वस्वी आमची. पोलिसांत जायचं ठरलं त्याच संध्याकाळी त्याचे वडील आले. म्हातारा माणूस, ओटीवर बसून रडला. तीन लाखांचा चेक दिला. तो वटला नाही. वकिलांनी सांगितलं होतं, बँकेचा शेरा आल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. आम्ही म्हटलं, म्हाताऱ्याला कशाला त्रास. ३० दिवस गेले, चेकची तीन महिन्यांची मुदतही गेली, मग मार्च २०२० आला आणि त्याला लॉकडाउनचं आयतं कारण मिळालं. हातात आले ते एकूण ९० हजार.

आता काही गोष्टी सोप्या झाल्या आहेत. ऑनलाइन पैसे गेल्याचं लक्षात आलं की तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, समोरच्या खात्यातले पैसे गोठवण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. आम्हाला ही सोय नव्हती. ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून घेऊन सरकारला भरायचा आयकर, घ्यावा लागतो आणि तो आयकराच्या साइटवर आपल्या नावावर दिसतो. "रोख द्या काकू, टीसीएस वाचेल" असं कोणी म्हणालं, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

ग्राहक आयोगात प्रत्येकाने वेगळी तक्रार केली. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. पुढची तारीख गणपतीनंतरची आहे. चौदापैकी आता आम्ही बारा जण उरलोय.