राष्ट्रीय लोकअदालत : एका पक्षकाराचा अनुभव

उसनवारीच्या रकमेचा आमचा वसुलीचा दावा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात सहा वर्षे रेंगाळला होता, तो लोकअदालतीत एका शनिवारी, जेमतेम चाळीस मिनिटांत मिटला. समोर न्यायाधीश आणि एक वकील असे पॅनेल होते. प्रतिपक्षाने चार हप्त्यांत पैसे देण्याचे कबूल केल्यावर तडजोडीचा मसुदा सावकाश वाचून दाखवला गेला, आणि कानाला कमी ऐकू येणाऱ्या माझ्या वडिलांसाठी न्यायाधीशांनी हप्त्यांच्या तारखा पुन्हा मोठ्याने सांगितल्या. मगच त्यांची सही घेतली.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार हा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो, त्यावर अपील होत नाही आणि प्रलंबित दाव्यात भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. अपील नसल्यामुळेच सही करण्यापूर्वी प्रत्येक अट नीट समजून घेणे अत्यावश्यक आहे, आणि नेमका त्यासाठीच तिथे वेळ अपुरा पडतो. नोटीस आम्हाला केवळ तीन दिवस आधी मिळाली. व्हरांड्यात बसायला जागा नव्हती, आणि शेजारच्या एका वृद्ध बाईंना ‘आजच मिटवून टाका’ असे त्यांचाच वकील वारंवार सांगत होता. तडजोड संमतीशिवाय होऊ शकत नाही, आणि ती न झाल्यास प्रकरण मूळ न्यायालयात परत जाते, हे त्यांना कोणीही सांगितले नव्हते. शेवटी ते मी सांगितले. ही माहिती दारावरच ठळक मराठीत लावायला हवी.