पोरासाठी घरातला आवाज कमी केला, दिवाळी ते गणपती वापरून आलेला अनुभव

आवाज अडवायला नवी खिडकी बसवली, ती चांगलीय, पैसे वाया गेले नाहीत, पण मला कुणी विचारलं तर मी म्हणेन आधी इन्व्हर्टर आणि पंखा बघा, खिडकी नंतर.

आमचं घर मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीच्या जवळच, म्हणजे गणपतीत काय होतं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. पोरगा नऊ वर्षांचा, ऑटिझम आहे, आवाज सहन होत नाही, कान दाबून पलंगाखाली जाऊन बसतो. आम्हाला वाटायचं रस्त्याचाच त्रास आहे, हॉर्न, मंडळं, फुटबॉलची मॅच जिंकली की निघणाऱ्या गाड्या. पण ओटी मॅडमनी (त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट) सांगितलं की तो बिथरायच्या आधी नेमकं काय वाजलं ते लिहून ठेवा, तर फ्रिजवर कागद लावला, आणि त्या कागदावर रस्ता कमी आणि घरच जास्त निघालं! लाईट गेली की इन्व्हर्टरवर पंखा घुरघुरतो, रेग्युलेटर कमीवर ठेवला की बारीक आवाज येतो, मिक्सर, कुकर, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची. आपल्याला यातलं निम्मं ऐकूही येत नाही.

इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा होता, त्याच्यावर पंखा घुमणारच असं इलेक्ट्रिशियन म्हणाला. बॅटरी तीच ठेवून प्युअर साईन वेव्हचा, म्हणजे लाईनच्या विजेसारखी सुरळीत वीज देणारा घेतला, घुरघुर त्याच दिवशी गेली. पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा बसवला, तीनएक हजारात येतो, साध्या पंख्याला ७५ वॅट लागतात याला तीसच्या आसपास, म्हणजे लाईट गेल्यावर बॅटरीही जास्त टिकते. भिंतीवरचा रेग्युलेटर काढून टाकायला लागतो, हे इलेक्ट्रिशियनला न विसरता सांगा. एकच वैताग, रिमोट दाबला की पंखा बीप करतो, बनवणाऱ्याला काय सुचलं कुणास ठाऊक. आता स्पीड एकदा लावला की कुणी हात लावत नाही.

आता खिडकी. जुनी अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग, ब्रश झिजलेले, फटीतून वारा येतो तिथून आवाज पण येणारच. तिच्या जागी यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची), दारासारखी उघडणारी, चारी बाजूंनी रबर असलेली बसवली, काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा थर. दोन खिडक्यांना एका चांगल्या फ्रिजचे पैसे गेले. एक दुकानदार भिंतीला फोम लावा म्हणून मागं लागला होता, पण फोमनं खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही, त्याला वजन पाहिजे आणि फट बंद पाहिजे. बजेट नसेल तर जुन्याच खिडकीला रबर पट्टी आणि दाराच्या खाली सील लावून बघा, तेवढ्यानंही फरक कळतो. आमच्याकडं हॉर्न, भाजीवाल्याचा स्पीकर, सायलेन्सर काढलेल्या बुलेट, हे सगळं लय कमी झालं, पोरगा दुपारी झोपायला लागला, हे आधी कधी नव्हतं.

डॉल्बीला मात्र खिडकी काही करू शकत नाही. तो बेसचा दणका भिंतीतून येतो, काच पण थरथरते. नियमात रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद, सणाला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देता येते, पण मिरवणुकीत ते कोण मोजत बसतंय. विसर्जनाला आम्ही सरळ गारगोटीला आत्याकडं जातो, यंदाही गेलो.

खिडकी बंद ठेवली की हवा कोंडते, एप्रिल-मेत खोली भट्टी होते, म्हणून पहाटे आणि रात्री उशिरा उघडून ठेवतो. एसी बघतोय, पण आतल्या युनिटचा आवाज शोरूममधे नीट ऐकून घेणार.

मिक्सर मागच्या गॅलरीत नेला, खाली रबर मॅट. पण आवाज कमी होण्यापेक्षा आधी सांगण्याचा जास्त उपयोग झाला. मिक्सरचा फोटो लावलेलं कार्ड दाखवायचं, पाच बोटं मोजायची, मग बटण. रविवारी तांबड्या-पांढऱ्याचं वाटण असतं तेव्हा कार्ड आता तोच घेऊन येतो, आणि बायकोला म्हणतो थांब, मी मोजतो. अचानक आलेला आवाज त्याला जास्त लागतो, आवाज किती मोठा ते त्यामानानं दुय्यम.

वरच्या काकूंना खुर्च्यांचे रबरी बूच आम्हीच नेऊन दिले, त्यांनी टेबलाला पण लावून घेतले. इअरमफ, म्हणजे आवाज अडवायला कानावर घालायचा, घरात फार लागत नाही आता, मॅडमनी दिवसभर घालू नका असंच सांगितलंय, नाहीतर साधा आवाज पण मोठा वाटायला लागतो म्हणे. बाजारात किंवा लग्नाला जाताना पिशवीत असतो. कुकरचं अजून काही जमलेलं नाही, डाळ-भात तो शाळेत असताना शिजतो.