चाक जाम होणे थांबले, कारण ब्रेकच बंद केला होता

जुनी गाडी वापरणाऱ्या आणि ती अनोळखी गॅरेजमध्ये टाकण्याची वेळ येणाऱ्या सर्वांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. यात पैसे गेले ते गेलेच, पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की दुरुस्तीच्या नावाखाली एका चाकाचा ब्रेक पूर्णपणे बंद करण्यात आला आणि गाडी ‘एकदम ओके’ म्हणून आमच्या हाती देण्यात आली.

गाडी २००६ सालची मारुती ८००. जळगावच्या गर्दीत ब्रेकवर पाय नुसता टेकवला तरी मागचे डावे चाक जाम होऊन डांबरावर फरफटत असे आणि पाय उचलताच सुटत असे. हे ‘पाय उचलताच सुटणे’ निदानाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे असते. पाय काढल्यावरही चाक अडकून राहत असेल, तर हँडब्रेकची गंजलेली केबल, ब्रेक सोडल्यावर शू मागे ओढणारी पण मेलेली रिटर्न स्प्रिंग किंवा आतून फुगलेला रबरी होज (ब्रेक ऑइलची नळी) यांच्यावर संशय जातो. अशा वेळी अडकलेल्या चाकाचा ब्लीडर निपल (ब्रेकमधले ऑइल व हवा बाहेर काढायचे छोटे तोंड) किंचित सैल करून पाहतात. थोडे ब्रेक ऑइल बाहेर येऊन चाक मोकळे झाले तर लाइनमध्ये दाब अडकलेला आहे, आणि नाही झाले तर दोष केबल, स्प्रिंग किंवा शू (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे वक्र तुकडे) यांच्यात आहे. मात्र हलक्या ब्रेकला चाक एकदम पकडत असेल आणि लगेच सुटत असेल, तर बहुतेक वेळा व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने शू ड्रमवर ढकलणारा भाग) गळून लायनर (शूवरचा घासणारा थर) ऑइलने भिजलेला असतो. ड्रम ब्रेकमधला एक शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जाऊन अधिक घट्ट बसतो, त्यामुळे लायनरची पकड जराशी बिघडली तरी तिचा परिणाम कितीतरी पटींनी वाढतो.

महामार्गालगतच्या ज्या गॅरेजमध्ये गाडी दिली, तेथे असली कोणतीही तपासणी आमच्यासमोर झाली नाही. संध्याकाळी नऊ हजारांहून अधिक रकमेचा कच्चा कागद हातात आला. त्यावर दोन्ही मागचे ड्रम, ब्रेक शूचा संच, डावा व्हील सिलिंडर, ‘एक्सल ऑइल सील’ आणि मजुरी असे लिहिले होते. जुने सुटे भाग मागितले असता ते भंगारवाला घेऊन गेल्याचे सांगण्यात आले. चाचणी म्हणून मालकाने हँडब्रेक ओढून गाडी ढकलून दाखवली. ती जागची हलली नाही. पेडलही पूर्वीपेक्षा घट्ट लागत होते आणि चाक जाम होणे तर खरोखरच थांबले होते.

पुढे छत्रपती संभाजीनगरहून परतताना कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला आलो, तेव्हा पुढच्या चाकांमधून जळका वास येऊ लागला. गाडी कडेला घेऊन मागच्या चाकांजवळ हात नेला, तर उजव्या ड्रमची धग लांबूनच जाणवत होती आणि डावा ड्रम सावलीत ठेवलेल्या लोखंडासारखा थंड होता. एवढा घाट उतरूनही ज्या ड्रमला ऊब नाही, त्याने ब्रेक लावलेलाच नाही, हे समजायला मिस्त्री असावे लागत नाही.

चाळीसगावात एका वयस्कर मिस्त्रींनी गाडीचा मागचा भाग जॅकवर उचलला, स्टँड लावले आणि मला ब्रेक दाबून धरायला सांगितले. उजवे चाक हलेना, डावे मात्र ते एका बोटाने फिरवत होते. “या चाकले ब्रेकच नही शे, भाऊ,” एवढेच ते म्हणाले. ड्रम उतरवल्यावर त्यांनी सगळे एकेक करून दाखवले. ड्रम जुनाच होता. बाहेरून काळा रंग मारलेला, पण आतल्या कडेला झिजेचा उंचवटा तसाच. शू पेट्रोलने धुऊन पॉलिश पेपरने घासलेले. सिलिंडरचे रबरी बूट उचलताच आतून ऑइल ओघळले, म्हणजे गळका सिलिंडरही जुनाच. शेवटी सिलिंडरमागची पाइपची नट सोडली, तेव्हा तिच्या तोंडाशी बेअरिंगमधला एक छोटा स्टीलचा छर्रा निघाला. तो बसवून नट आवळली की त्या चाकाकडे ऑइल जाणेच थांबते. गळतीही थांबते आणि चाक जाम होण्याचा प्रश्नही मिटतो. एका चाकाचे ऑइल अडवल्याने पेडल घट्ट लागते, आणि हँडब्रेक केबलवर चालत असल्यामुळे तोही व्यवस्थित धरतो. म्हणजे आम्हाला दाखवलेली चाचणी बरोबर तीच होती, जिच्यात ही लबाडी उघडी पडू शकत नव्हती.

‘एक्सल ऑइल सील’ची गोष्ट तर हास्यास्पद होती. मारुती ८०० पुढच्या चाकांवर चालते. मागच्या चाकांकडे ना डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) असतो ना एक्सलचे ऑइल, तिथे असते ती फक्त बेअरिंगची ग्रीस. ओम्नीसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या बिलात ती ओळ खपून गेली असती.

मिस्त्रींनी नवा सिलिंडर, दोन्ही बाजूंचे नवे शू, नवे ब्रेक ऑइल घालून आणि चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून अडीच हजारांच्या आत काम केले. ऑइल मुरलेले लायनर कितीही धुतले तरी गरम झाल्यावर पुन्हा पाझरतात, आणि एकाच बाजूचे शू बदलले तर दोन्ही चाकांची पकड सारखी राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते व ते बरोबरच आहे.

पहिल्या गॅरेजवाल्याने छर्रा पाहून “पार्ट येईपर्यंत तात्पुरती सोय केली होती” असे उत्तर दिले. पैसे मात्र पार्ट बसवल्याचे घेतले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून २ वर्षांच्या आत दाद मागता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. मात्र तेथे कागद लागतो, म्हणून नाव, तारीख आणि सुट्या भागांचा तपशील असलेले पक्के बिल आधीच मागावे, आणि जुने भाग आपल्याला परत हवे आहेत हे गाडी देतानाच सांगावे.

ब्रेकच्या कोणत्याही कामानंतर पैसे देण्यापूर्वी मागची दोन्ही चाके उचलून घ्यावीत, हँडब्रेक पूर्ण खाली ठेवावा, एकाने पायाने ब्रेक दाबावा आणि दुसऱ्याने दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत. दाबल्यावर दोन्ही थांबली पाहिजेत आणि सोडल्यावर दोन्ही मोकळी फिरली पाहिजेत. याला दहा मिनिटेसुद्धा लागत नाहीत, आणि जो गॅरेजवाला यालाही नकार देतो, त्याच्याकडे ड्रम पुन्हा उघडून दाखवण्याचा आग्रह धरावा.