एफट्रेसचा बफर: वाढवावा की नोंदी गाळाव्यात?

एफट्रेस म्हणजे लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, काय घडतंय याच्या नोंदी ठेवणारं साधन; त्या नोंदी साठतात ती मेमरी म्हणजे बफर. कर्नलमधला बग दिवसातून एखाद्या वेळीच दिसत असेल, तर हात आपोआप बफरचा आकार ठरवणाऱ्या बफर_साइझ_केबी या फाइलकडे जातो. तिथे ६५५३६ लिहिलं की काळजी मिटली असं वाटतं. पण तो आकडा सगळ्या मशीनचा नसून प्रत्येक सीपीयूचा असतो. चार सीपीयूंच्या बोर्डावर त्याचे २५६ एमबी होतात आणि ६४ सीपीयूंच्या सर्व्हरवर थेट ४ जीबी. ही मेमरी कर्नलची असते, ती स्वॅपमध्ये (डिस्कवरच्या राखीव जागेत) जात नाही. स्नॅपशॉट (त्या क्षणीचा बफर बाजूला जपून ठेवणं) वापरणार असाल तर हिशेब दुप्पट धरा. आकडा लिहिल्यावर एकूण आकार दाखवणारी बफर_टोटल_साइझ_केबी ही फाइल वाचायची सवय लावून घ्या.

आपण काही बदललं नाही तर ट्रेसिंग सुरू होताच प्रत्येक सीपीयूला साधारण १४०८ केबी मिळतात. शेड्यूलरच्या स्विचची (सीपीयू एका कामावरून दुसऱ्या कामावर जाण्याची) एक नोंद ७० बाइटच्या आसपास असते. एखाद्या सीपीयूवर सेकंदाला दोन हजार स्विच होत असतील, तर एवढ्यात १० सेकंदांचा इतिहास मावतो. १६ एमबी दिले की तो दोन मिनिटांवर जातो. इथे बफर वाढवणं योग्यच आहे.

कर्नलमधल्या फंक्शनांचे कॉल नोंदवणाऱ्या फंक्शन ट्रेसरचं गणित वेगळं. फिल्टर न लावता तो चालवला तर १४०८ केबीत लाखभर नोंदीही मावत नाहीत, आणि कामात बुडालेल्या सीपीयूवर त्या क्षणार्धात पुसल्या जातात. बफर दसपट केला तरी सेकंद-दोन सेकंदच हाती लागतात. अशा वेळी मी आधी सेट_एफट्रेस_फिल्टरमध्ये संशयित ड्रायव्हरची फंक्शनं घालतो. त्याने ट्रेसिंगचा भारही उतरतो, आणि वेळेच्या गणितावर नाचणारे बग त्या भारानेच लपत असतात.

बफर लहान ठेवायचं आणखी एक कारण उप्सच्या (कर्नलमधल्या गंभीर बिघाडाच्या) वेळी कळतं. एफट्रेस_डम्प_ऑन_उप्स चालू असेल तर अख्खा बफर कन्सोलवर ओतला जातो. १,१५,२०० बॉडच्या सिरियल केबलवरून सेकंदाला जेमतेम ११ केबी जातात. आठ सीपीयूंचा मूळ ११ एमबीचा बफरसुद्धा पाव तासाहून जास्त वेळ खाईल, आणि मजकुरात उतरवल्यावर तो आणखी फुगतो. म्हणून बोर्डावर मी बफर काहीशे केबींवर आणतो आणि फक्त कोसळलेल्या सीपीयूचा डम्प मागतो. त्यासाठी ओरिज_सीपीयू हा पर्याय आहे.

ओव्हरराइट चालू की बंद? मुळात तो चालू असतो, म्हणजे जुन्या नोंदी पुसून नव्या येतात. बिघाडाच्या आधी काय घडलं ते हवं असेल तर तसाच राहू द्या, मात्र बिघाड होताच ट्रेसिंग थांबवणारा ट्रिगर लावा. बूटच्या सुरुवातीचं हवं असेल तर ओव्हरराइट बंद करा आणि आकार कर्नलच्या कमांड लाइनवर ट्रेस_बफ_साइझने द्या.

तासन्‌तास नोंद हवी असेल तर ट्रेस-सीएमडी या एफट्रेसच्या कमांडने डिस्कवर लिहीत राहणं बरं. तिथे बफर फक्त मध्येच येणारा लोंढा झेलण्यापुरता लागतो. मशीनच गोठत असेल किंवा संशय फाइल सिस्टिमवर असेल, तर या वाटेला जाऊ नका.

आकार पुरतो का, हे अंदाजाने ठरवू नका. प्रत्येक सीपीयूच्या स्टॅट्स फाइलमध्ये सगळ्यात जुन्या नोंदीची वेळ आणि आत्ताची वेळ शेजारी शेजारी दिलेल्या असतात, त्यांची वजाबाकी करा. एका नेटवर्क ड्रायव्हरमागे मी दोन दिवस घालवले, तेव्हा ही वजाबाकी निघाली ३ सेकंद, आणि पॅकेट अडकल्याचं ओळखणारी आमची स्क्रिप्ट ५ सेकंदांनी जागी होत होती. पुरावा दर वेळी पुसला गेल्यावरच आम्ही ट्रेस थांबवत होतो. आकार १४०८ वरून ४०९६ केला आणि त्याच संध्याकाळी अडकलेला इंटरप्ट (हार्डवेअरने सीपीयूला दिलेला इशारा) ट्रेसमध्ये सापडला.